विभागीय कार्यालय, बेलापूर

सातव्या मजल्यावर तीन घड्याळं.
मधलं आपलं, पाच मिनिटं मागे.
बाकीची दोन कधी चुकत नाहीत.

माझं काम भाषांतराचं.
'प्रकल्पबाधित' लिहिते मी, समोर गोमीबाई
खुर्चीच्या कडेला टेकलेल्या,
ओल्या लुगड्याचा डाग पडेल म्हणून.

दिवाळ्याच्या खाडीत निवट्या राहिल्या नाहीत,
हे कुठल्या रकान्यात?
'इतर'.
साहेब विचारतात, निवटी म्हणजे?
मी टेबलावर दोन बोटं चालवून दाखवते:
चिखलावर चालणारा मासा,
डोळे डोक्यावर.
साहेब हसतात. चांगले आहेत तसे.

कर्ज वरून मंजूर होतं, तक्रारही वरच जाते.
आम्ही पोचपावती देतो.

ती उलटसुलट बघत गोमीबाई विचारतात,
"यान तुजी सही कंची गो, बाय?"

लिफ्ट आली.
मी दार धरून उभी राहिले,
गरजेपेक्षा जास्त वेळ.