शेऱ्यासाठी जागा

फेब्रुवारी. इंडियानापोलिस.
बाहेर मीठ फेकून ठेवलेले रस्ते,
आत सहा नंबरच्या खोलीत कागद अंथरलेलं टेबल
आणि टेबलावर एमरी गिलोरी,
वय बावीस, गाव ओपेलुसस, लुईझियाना,
चेंडू काखेत मारून भिंतीत शिरणारा.

माझ्या आधी सात जणांनी त्याचा उजवा गुडघा ओढून पाहिलाय.
सात क्लबांचे सात डॉक्टर.
मी आठवी.
"दुखतंय?"
"नाही, मॅम."
सातही वेळा हेच म्हणाला असणार.
मांडी मात्र दगड.
"सैल सोड," मी म्हणते.
तो छताकडे बघतो,
आणि सोडतो.

नडगी पुढे ओढली की आतून एक हिसका यायला हवा,
जनावर लांब गेलं की दोर खुंट्याला सांगतो तसा.
येतो.
जरा उशिरा येतो.
एकोणिसाव्या वर्षी तुटलेला दोर,
त्याच्याच मांडीमागची कंडरा काढून पुन्हा वळलेला.
एका वाशाला टेकू द्यायला दुसरा वासा कापला,
घर उभं आहे.
फिल्मवर कूर्चेची कड विरलेली,
सदऱ्याची कॉलर आतून विरते तशी;
घालणाऱ्याला पत्ता नसतो.

फॉर्मवर एक ते पाच आकडे.
एक म्हणजे बिनघोर घ्या.
पाच म्हणजे नाव खोडा.
मधल्या तिघांवर माझं पोट चालतं.

मी चुकलेली आहे, दोन्ही बाजूंनी.
कोल्टर वाइसनबर्गरला मी एक दिला होता.
ऑगस्टमधला सराव, आसपास कुणी नाही,
नुसता वळला आणि बसला.
ओली फांदी मोडल्यासारखा आवाज
पाण्याच्या पिंपापाशी मला ऐकू आला.
आणि सेमिसी काउताईला पाच.
तो अकरा वर्षं खेळला,
दुसऱ्यांकडून,
वर्षातून दोनदा आमच्याविरुद्ध.
त्या रविवारी मी चेंडू बघितलाच नाही कधी,
त्याचे गुडघे बघायचे,
आणि खरं सांगायचं तर
काय व्हावं असं मला वाटत होतं
ते मी कुणाला सांगणार नाही.

एमरी मोजा चढवता चढवता थांबला.
"मॅम, एक विचारू?
बाप माझा समुद्रात, तेलाच्या फलाटावर होता.
चाळिशीत तो जिना उलटा उतरायचा,
कठडा धरून, तोंड भिंतीकडे.
आम्ही पोरं हसायचो.
माझंही तसं होईल?"

या प्रश्नाला फॉर्मवर रकाना नाही.
मालकाला चार मोसम हवेत,
चौथ्याच्या पुढचा गुडघा ज्याचा त्याचा.
मला उत्तर माहीत होतं.
पण मी त्याची डॉक्टर नव्हते,
गिऱ्हाइकाची होते.
म्हटलं, "व्यायाम चालू ठेव."
तो म्हणाला, "थँक यू, मॅम,"
आणि खरंच काही दिल्यासारखा हसला.

खाली शेऱ्यासाठी दोन ओळींची जागा असते.
मी लिहिलं: सहकार्य करतो.

एप्रिल. निवडीची रात्र.
थंड पिझ्झा, भिंतीभर नावांच्या लोखंडी पट्ट्या.
"गिलोरी. आकडा?"
"चार."
कुणीतरी पट्टी उचलून वीतभर खाली लावली.
खट्.
त्या वीतभरात त्याच्या आईचं घर होतं,
धाकटीचं कॉलेज होतं,
आणि आमचे वाचलेले पैसेही होते;
यातलं खोटं काहीच नाही.

तिसऱ्या दिवशी, सहाव्या फेरीत,
दुसऱ्याच कुणी त्याचं नाव घेतलं.
पडद्यावर ओपेलुससची बैठकीची खोली,
पिवळ्या झग्यातली आई तोंडावर हात धरून,
मागच्या खुर्चीत हललाही नाही असा बाप,
आणि फोन कानाला तसाच ठेवून एमरीने
सोफ्याच्या पाठीवरून उडी मारली.

आमच्या खोलीतसुद्धा टाळ्या वाजल्या.
मी खाली बघत होते.
उजवा आधी टेकला.