वीस अंश डावीकडे

लवू गिरप तिसऱ्यांदा आला तेव्हा
खुर्चीत बसलाच नाही, दारात उभा राहिला.
"बाय, तुझा काम झाला म्हणतस,
पण रात्रीचा माका दुखता हा."
वरची पहिली दाढ, उजवीकडची.
तीन नळ्या साफ केल्या होत्या मी, तीन भरल्या होत्या,
फोटोत तीन पांढऱ्या रेघा,
माडाच्या हिरासारख्या सरळ.
बिलावरसुद्धा तीनच.

दर्शनाने शिशाचा एप्रन त्याच्या गळ्यात घातला.
"ह्यां वल्या जाळ्यापरीस जड," तो म्हणाला.
सेन्सर टाळूशी टेकवला,
आणि या वेळी यंत्राचं तोंड समोर न ठेवता
वीस अंश डावीकडे सरकवलं, बंदराच्या बाजूला.
हलू नको.
पिप्.

पांढरं ते घट्ट, काळं ते पोकळ,
एवढीच या पडद्याची भाषा.
पहिल्या रेघेच्या आडोशाला
केसाएवढी काळी वाट होती.
समोरून पाहिलं की दोन्ही एकीमागे एक,
लग्नाच्या ग्रुप फोटोत
उंच जावयामागे उभी राहिलेली मावशी,
आली होती, जेवली होती,
फोटोत मात्र नाही.

लवू वाकून बघत राहिला.
"एक आस फाटको रवलो
तर बांगडो थयसूनच जाता,"
एवढंच बोलला.
ओरडला असता तर बरं झालं असतं.

चौथी भरली. पैसे घेतले नाहीत.
रविवारी दाराच्या कडीला पिशवी होती,
सुके सोडे, पावशेर तरी.

तेव्हापासून मी लोकांकडे दात मागते.
काढलेले, किडलेले, आपोआप पडलेले.
लोणच्याच्या बरण्यांतून ते औषधी पाण्यात बुडून असतात,
झाकणावर चिकटपट्टी:
केळूस, निवती, शिरोडा, पुन्हा केळूस.
दुधाचे दात मिळत नाहीत.
ते अजून कौलावरच जातात, उंदराच्या नावाने,
आणि त्या बाबतीत माझं कुणी ऐकत नाही.
महिन्यातून एकदा डबा मांडीवर घेऊन कुडाळ.
तिथल्या मोठ्या यंत्रात मेणात रोवलेले दात
हळूहळू गरकन फिरतात,
हळूहळू आणि गरकन, दोन्ही, बघितल्याशिवाय पटत नाही,
आणि एकेका दाताचे चारशे काप
माऊसच्या चाकावर वरखाली होतात.
मुळाशी फाटे फुटतात. एक वाट दोन होते,
खाली जाऊन परत एक.
काही मध्येच गाळाने बुजतात
आणि पुढे कुठेतरी पुन्हा उघडतात.
पुस्तकातल्या आकृतीसारखा
अजून एकही दात आलेला नाही.

गेल्या साली लवूचा पुढचा दात पडला.
तो त्याने कागदात बांधून आणला. "घे. तुका व्हयो ना."
त्याच्या धारेला खाच होती,
नायलॉनचा दोरा इतकी वर्षं तिथेच तुटत होता.
किती वर्षं, विचारलं.
"मोजूक नाय."
कापांत बघितलं तर खाचेच्या बरोबर खाली
आतली पोकळी मागे सरकलेली,
आणि सरकताना तिने स्वतःच भिंत घातलेली.
बाहेर दोरा जेवढं नेत गेला
तेवढं आतून कुणीतरी भरत होतं,
दुखल्याचा निरोपही न देता.

फॉर्मवर रकाने आहेत:
वय, बाजू, मुळं, नळ्या.
कामाचा नाही.
समासात पेन्सिलने लिहिलं,
जाळी विणतो. दोरा दाताने तोडतो.

परवा शेवटचा पेशंट गेल्यावर
सेन्सर माझ्याच तोंडात धरला.
वरची दाढ, उजवीकडची.
एका हाताने बटण दाबलं.
तीन दिसल्या.
चौथी आहे की नाही ते कळायला
कुणीतरी यंत्र सरकवायला हवं होतं, डावीकडे, थोडंसं.
हाक मारली.
दर्शना सहाच्या यष्टीने कधीच गेली होती.