गंजका खिळा

तुझं खरं नाव मला कधी कळलं नाही.
पडद्यावर तू 'गंजका खिळा'.
कोप्लीच्या ट्रामच्या शेवटच्या थांब्यापलीकडे राहतोस
आणि तुझ्या मांजरीला एकच डोळा आहे,
एवढंच एकदा बोलून गेलास.

नर्स वाइकेच्या पत्रकात सगळंच जीवघेणं,
ओळीने, एकाच लाल शाईत.
सगळंच जीवघेणं, तर मग
आज रात्री काय, हे कुणी सांगायचं?
तू सांगायचास.
"मंगळवारची निळी नको.
उर्मास अजून उठलेला नाही."

आम्ही तीन-चारशे जण,
दुधाने तोंड पोळलेले,
रात्रभर एकमेकांचं ताक फुंकत बसलेले.
कुणी म्हणे, एकट्याने नको.
कुणी म्हणे, मी घेतली, काही झालं नाही.
त्या 'काही झालं नाही'वर
मी आईच्या शपथेइतका भरवसा ठेवला.
मासळीच्या कारखान्यात, रात्रपाळीला,
फोन खोक्याला टेकवून वाचायचे,
नाकाच्या शेंड्याने ओळी सरकवायचे,
हातमोजे खवल्यांनी भरलेले म्हणून.
भीतीसुद्धा तुमच्याच मापाने मोजायला शिकले:
तुम्ही हसलात, की भ्यायचं नाही.

फेब्रुवारीत तू लिहिलंस,
"नवी पांढरी. बरी आहे."
एकोणसाठ अंगठे उमटले. त्यातला एक माझा.

त्यानंतर तू नाहीस.
आधी चार दिवस, मग नऊ.
किनाऱ्याचं पाणी गोठलं,
गोदीतल्या बोटी जागच्या जागी कुरकुरायला लागल्या.
फोन विकला असेल, एक म्हणाला.
आत असेल.
सुधारला असेल लेकाचा, खिळ्याला गंज चढायचा थांबला!
सगळे हसले. मीही.
'बरी आहे' मात्र वर टाचलेलीच राहिली.

काल सुया बदलायला गेले
तर वाइकेच्या खुर्चीखाली एक मांजर.
तिने मान वर केली.
एक डोळा.
मी काही विचारलं नाही.
वाइके म्हणाली, हिला हेरिंग चालत नाही, बघ ना,
या गावात राहून.

घरी येताना ट्राममध्ये
सगळ्यांचे जुने निरोप खालून वर वाचत गेले.
लिहिणारा प्रत्येक जण
उठून बसल्यावर लिहीत होता.

तुझ्या ओळीखाली टाकलं:
मांजर वाइकेकडे आहे.
तिघांनी विचारलं, म्हणजे?
एकाने अंगठा दिला.
पांढरी पुडी कोटाच्या खिशात होती.
अजून आहे.