तेराव्या दिवसाचं बी

शंभर-शंभरच्या चार गुंडाळ्या,
ओल्या कागदाच्या, वरून मेणकागद,
पंचवीस अंशांच्या कपाटात उभ्या.
जालन्यात मला पगार मिळतो तो एवढ्याचाच.
कपाशीची पहिली मोजणी चौथ्या दिवशी,
शेवटची बाराव्या.
रजिस्टरला चार रकाने:
सुदृढ. विकृत. कडक. मृत.
पुष्पा खिल्लारेनं शिकवलं मला
चिमटा कसा धरायचा,
आणि दाबल्यावर जे मऊ लागतं, पांढरं पाणी सोडतं,
त्याच्यावर फार वेळ घालवायचा नाही.

पुष्पा नोकरी सोडून बदनापूरला गेली.
जाताना दुधाच्या रिकाम्या पिशवीत
तिच्या शेवंतीचा एक शेंडा देऊन गेली,
चार बोटं लांब.
पेऱ्याखाली तिरका काप दे म्हणाली,
खालची पानं काढ, वरची अर्धी छाट,
बाटली कापून वर पालथी घाल,
आणि दहा दिवस उपटून बघू नको.

मी सहाव्या दिवशी उपटून बघितलं.
काहीच नव्हतं.
पुन्हा वाळूत खोचलं,
माफी मागावी तसं पाणी शिंपडलं.

खोली नऊ बाय दहा, काद्राबादेत,
एकच खिडकी, तीही समोरच्या टाकीनं अर्धी खाल्लेली.
म्हणून लोखंडी कपाटाचे दोन कप्पे रिकामे केले,
साड्या पलंगाखाली,
आत जांभळा दिवा, संगणकातून काढलेला बारका पंखा.
आता एकवीस डबे आहेत,
तुपाचे, रंगाचे, एक पेढ्यांचा,
आणि एकवीसच्या एकवीस पुष्पाच आहे.

शेवंतीला फुलायला रात्र लागते,
लांब, मधे न तुटलेली.
एक मिनिट उजेड पडला की ती सगळं विसरते.
म्हणून सहाला दिवा बंद, कपाटाला कुलूप,
फटींना काळी चिकटपट्टी,
आणि मीही अंधारातच जेवते,
भाकरी कुठाय ते हाताला माहीत असतं.

चिकटपट्टी लावायच्या आधी
तो जांभळा उजेड कुणाला तरी दिसला होता.
वासही गेला असेल. शेवंतीचं पान उग्रच.
मंगळवारी लिंबाजी घुगे हवालदार जिना चढून आले,
धाप लागलेली.
"बाई, कपाट उघडा.
गांजा लावलाय म्हणून फोन हाय."
म्हटलं, साहेब, सात वाजलेत,
आत्ता उघडलं तर फूल लांबंल,
सकाळी या.
त्यानं तर त्यांचा संशय पक्काच झाला.

कुलूप काढलं. बॅटरी मारली त्यांनी.
एक पान चुरगाळलं, नाकाशी नेलं,
आणि बराच वेळ नाकाशीच ठेवलं.
"शेवंती हाय की ओ ही."
मग आवाज खाली करून,
"पिवळी का पांढरी?"
अजून फुललेली नाही, म्हटलं,
पण पुष्पाची पिवळी होती, म्हणजे पिवळीच.
फाटा आईला सोडून स्वतःचं काही बोलत नाही.
पंचनामा झाला नाही.
ओल्या रुमालात एक डहाळी गेली तेवढी,
उपटून बघू नका एवढं मी जिन्यावरून ओरडले.

पुष्पाचा फोन आला परवा.
तिची शेवंती बोअरसोबत वाळली.
तुझ्याकडं असंल का गं एखादी?
मी डबे मोजत होते, वीस,
आणि तिला काय सांगावं सुचेना,
तुझं झाड मेलं म्हणू, की मेलेलं नाही.

अजून एक आहे कपाटात, बाविसावा डबा.
बाराव्या दिवशी रजिस्टर बंद केलं,
सही झाली, मृत: तीन.
तेराव्या दिवशी गुंडाळी फेकायला उलगडली
तर तिघांतलं एक मान वर काढून बसलेलं.
बरोबर तेराव्याला,
लोक जेवून उठतात त्या दिवशी.
त्याला रकाना नाही.
खोडायला परवानगी नाही.

ओढणीच्या टोकात बांधून आणलं.
ह्याची रात्र किती लांब हवी,
हे कुणासारखं होणार,
पुष्पाला विचारलं तर ती हसली.
दोन पानं आलीत.
एक जरा वाकडं आहे.