ऊन पाणी

अडतीस वर्षं सेगेदच्या नाट्यगृहात
मी नटांवर उजेड टाकला.
कुणाच्या गालावरचा रंग कितव्या प्रवेशात वितळतो
हे मला प्रॉम्प्टरच्या आधी कळायचं.
आता चौथ्या मजल्यावर, साठ लिटरच्या काचेत
माझी मंडळी एवढीच:
हातोडीच्या टोकांचं एक प्रवाळ,
बटणांसारखी एक चिमुकली वसाहत,
आणि एक कोळंबी, जी संवाद विसरल्यासारखी
दगडामागून अर्धीच बाहेर येते.

पहिला दिवा मी हट्टानं जुन्या वळणाचा घेतला,
मेटल हॅलाइड, दीडशे वॉटचा.
दुकानातला झोम्बोर म्हणाला, "काका, एवढ्याशा टाकीला?"
पण लावला,
आणि वाळूवर लाटांची सोनेरी जाळी
अशी काही थरथरली
की मी खुर्ची ओढून बसलो, जेवायला उठलो नाही.
संध्याकाळी थर्मामीटर पाहिला:
एकोणतीस दशांश चार.

उजेड एकटा येत नाही
हे मला कुणी शिकवायला नको होतं.
माझ्या तळहातावर अजून आहेत
तापलेल्या स्पॉटलाइटांच्या खुणा.

मग दिवा वीतभर वर टांगला. मग आणखी वीतभर.
झाकण काढलं. पंपही गुपचूप पाणी तापवत होता,
तो बदलला.
शेवटी झोम्बोरकडे मान खाली घालून गेलो
आणि एलईडी आणला.
त्याच्या पाठीवर अ‍ॅल्युमिनियमच्या फासळ्या,
ताप तिथून वरच्या वर छताकडे जातो,
खाली उतरतं ते नुसतं निळं,
हिशेबी, कोरडं,
बँकेतल्या माणसासारखं.
मला आवडला नाही. प्रवाळांना आवडला.
प्रेक्षकांपुढे कुणाचं चालतं?

जुलैत मात्र भिंतीच तापल्या.
दिवसभर प्यालेलं ऊन
त्या रात्रभर खोलीत परत ओतायच्या.
तिसा नदीवरून यायचा तो वारा नव्हे, इस्त्रीची वाफ,
असं इल्का म्हणाली, आणि तिला ठाऊक असणार,
वेशभूषेच्या खोलीत जन्म गेला तिचा.
मानेवर ओला टॉवेल. "त्यांना पंखा. आणि मला?"
पंखा एकच होता.
तो पाण्यावर तिरका बसवला होता मी.
वारा पाण्याला घासून गेला की
थोडं पाणी उडतं, जाताना ताप घेऊन जातं.
रोज दोन लिटर.
मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची.
पहिल्या दिवशी मी खारं ओतलं.
बटणं दोन दिवस मिटून बसली,
माझ्याशी अबोला धरल्यागत.

अकराव्या रात्री एकतीस.
हातोडीची टोकं फिकटली.
तिच्या मांसात भाडेकरू असतात, डोळ्यांना न दिसणारे,
उजेड खातात, भाड्यापोटी साखर देतात.
फार तापलं की घरमालकीण त्यांनाच बाहेर काढते
आणि मग स्वतः उपाशी मरते.
अशी घरं मी पाहिली आहेत.

काय करू कळेना,
पण हात आपसूक बटणाकडे गेला.
एकदम नाही. कधीच एकदम नाही.
शंभर, सत्तर, चाळीस, पंधरा.
मग तेही नाही.
अडतीस वर्षांत अंधाराबद्दल
मला कुणी शाबासकी दिली नव्हती.

तीन दिवस.
इल्कानं कसर लागलेला मखमली पडदा
टाचण्यांनी खिडकीवर लावला.
दोन खुर्च्या टाकीच्या मागे ओढल्या,
जिथे पंख्याचा उरलासुरला ओलसर वारा यायचा.
"इथे बरं आहे," ती म्हणाली. "विंगेतल्यासारखं."
कोळंबी पूर्ण बाहेर आली,
बहुधा प्रयोग रद्द झाला असं समजून.

चौथ्या सकाळी पंधरा टक्के लावले.
एक टोक अजून फिकट. बाकीची तपकिरी आहेत,
किंवा मला तशी दिसतात,
चष्मा इल्काकडे आहे आणि ती झोपली आहे.
सत्तावीस दशांश सहा.
दोन लिटर मोजून ठेवलंय. गोडं.
चाखून पाहिलं.