उजव्या हाताला जंगल

उद्या दहाला मोहसीन येणार गाडी न्यायला.
कागद संपले. पंधरा वर्षं झाली.
बावीस हजार म्हणाला, तेही टायर बरे आहेत म्हणून.

पिंगळेसरांना फोन केला. येता का, एक चक्कर मारू.
कुठे?
जंगलाभोवती.
जरा थांबून म्हणाले, टाकीत किती आहे?

मुलुंडहून सहाला निघालो.
सर डावीकडे बसले, पूर्वीसारखेच,
बेचाळिसाव्या वर्षी मला क्लच शिकवताना बसायचे तसे.
फक्त आता त्यांच्या पायाखाली ब्रेक नाही
आणि डोळ्यांत काचबिंदू आहे.
लायसन्स गेल्या श्रावणात संपलं, त्यांनी पुन्हा काढलं नाही.
त्यावर आम्ही बोलत नाही.
समोर रिक्षा आडवी आली की त्यांचा उजवा पाय
माझ्या रबरी मॅटवर करकचून दाबतो,
आणि खरं सांगायचं तर
गाडी तेव्हाच थांबते.

भांडुपच्या सिग्नलला मी म्हटलं,
प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला ठेवतात.
म्हणजे ड्रायव्हरची खिडकी देवाकडे, ते म्हणाले. बरंय.
आरसा नीट करा.

आरेत काचा खाली घेतल्या.
गोठ्यांचा वास, दवातल्या गवताचा, मग पुन्हा गोठ्यांचा.
तिथे काही लाल आहे का?
पांगारा आहे, सर.
वाटलंच. सेकंडमध्ये घ्या.
पुढे पाटी: बिबट्यांचा वावर, वाहने सावकाश चालवा.
मी वाचून दाखवली. सर म्हणाले,
आणि माणसांचा वावर असेल तिथे?

बोरिवलीला गाडी बाहेर लावून आत चालत गेलो.
कांडोळाचं पांढरं खोड, पापुद्रे सुटलेलं;
सरांनी त्यावर तळहात फिरवला,
गिऱ्हाइकाच्या गाडीवर फिरवावा तसा,
आणि म्हणाले, पेंटिंगला आलंय.
सोमीबाई वरठा वाटेवर शेवटची बोरं विकत होती.
तिनं मूठभर वर घातली,
सरांकडे बघून, माझ्याकडे नाही.

वर उतारावर कारवीच्या नुसत्या काड्या.
गाडी आली त्या वर्षी फुलली होती ही,
शोरूमच्या वासातच आम्ही बघायला आलो होतो.
मग आठ वर्षांनी, क्लचप्लेट बदलली तेव्हा.
तिसरी वेळ पुढच्या भाद्रपदात.
गाडीचं थोडक्यात हुकलं.

काशिमिऱ्याहून वळलो तेव्हा ऊन उतरलं होतं.
घोडबंदरचा घाट, कंटेनरमागे कंटेनर,
डिझेलच्या काळ्या ढगात एक माकडीण
कठड्यावर पिल्लाच्या उवा काढत बसलेली.
सर गप्प. पाय मॅटवर, तयारीत.

आणि मग गायमुखाच्या उतारावर
पुढचा कंटेनर वळणाआड गेला
आणि मागचा अजून यायचा होता.

उतारावर न्यूट्रल म्हणजे गाडी दैवावर सोडणं:
हे वाक्य मला त्यांनी वीस दिवसांत शंभरदा ऐकवलंय.
त्या माणसानं हात पुढे केला
आणि गिअरच्या दांड्यावर ठेवला.
मी क्लच दाबला. का, ते माहीत नाही. सवय.
त्यांनी दांडा मधे आणला.

इंजिन एकदम लांब गेल्यासारखं झालं.
चाकांखाली सागाची वाळकी पानं मोडत होती,
डावीकडे खाडी, पितळी, हलत नव्हती,
आणि उजवीकडच्या झाडीत तांबट ठोकत होता
टुक् टुक् टुक्,
मोहसीनच्या आधीच कुणी
पत्रा सरळ करायला घेतल्यासारखा.

नजर रस्त्यावर ठेवायची असते. तरी मी पाहिलं.
सरांचा पाय मॅटवर सपाट पडला होता,
झोपलेल्या माणसाचा असतो तसा.
डोळे मात्र उघडे,
माझ्या खिडकीकडे.

काय दिसतंय, सर?
हिरवं, ते म्हणाले. थोडं काळं. पुन्हा हिरवं.

मागून हॉर्न आला.
थर्ड टाका, म्हणाले.