केंद्र सात

रात्री सव्वाअकराला यंत्रानं शेवटची पट्टी ओकली,
वाणसामानाच्या पावतीसारखी, कोमट, वळलेली.
विलो फोर्क काउंटी. सार्वत्रिक निवडणूक.
तपासून सही: अर्डिस मोएन, काउंटी कारकून.
म्हणजे मी. एकतीस वर्षं हीच सही,
फक्त त्यातला 'मो' हल्ली जरा थरथरतो.

मृत्यू-तपासनीस बिनविरोध, एक हजार दोनशे चार.
त्याच्याविरुद्ध उभं राहायला कोण धजणार,
शेवटी सगळ्यांना त्याच्याच हाताखालून जायचंय.
ग्रंथालयाचा कर पडला, एकोणीस मतांनी.
शेरीफच्या रकान्यात कुणीतरी
आपल्या कुत्र्याचं नाव लिहिलंय, वळणदार अक्षरात.
तेही मोजावं लागतं.

मग केंद्र सात.
धान्याच्या उंच कोठारांपलीकडचं शाळाघर,
जिथे रस्ता संपत नाही, नुसता कंटाळतो.
मतदार नऊ. नऊही आले, बर्फ असून.
आयुक्तपदासाठी
डेल्मर क्राउटर: आठ.
ऑर्विल टॉफ्टे: एक.

ऑर्विल तिथलाच.
मार्लिसही तिथलीच, त्याच्याच घरात, चाळीस वर्षं.

मतदान गुप्त असतं, असं आम्ही भिंतीवर लावतो
ठळक अक्षरांत. झाकली मूठ सव्वा लाखाची.
पण नऊ जणांच्या गावात
मूठ झाकायला बोटंच कमी पडतात.
एक त्याचं स्वतःचं. मग तिचं कुठे गेलं?
एवढी वजाबाकी दुसरीतल्या पोरालाही येते.

पट्टीवर अंगठा ठेवून बसले मी थोडा वेळ.
अंगठ्याखाली तो एक सहज मावत होता.
पण कायदा म्हणतो, केंद्रनिहाय.
केंद्रनिहाय टंकलं, शिक्का मारला,
कोर्टाच्या काचेच्या दाराला आतून चिकटवलं
आणि घरी जाऊन बूट न काढताच झोपले.

सकाळी आठपर्यंत कॅफेत
अख्ख्या काउंटीची वजाबाकी झाली होती.
घरातूनच पडला बिचारा, कुणी म्हणालं
सिरपची बाटली पुढे सरकवत.
कुणी म्हणालं, तरीच चर्चच्या जेवणाला
ती हल्ली वेगळ्या गाडीनं येते.
वेगळ्या गाडीनं येते, कारण भांडी घासायला
तीच मागे थांबते.
पण भांडी कोण लक्षात ठेवतं.

नऊला ऑर्विल आला.
टोपी काढली, हातमोजे काढले,
गुरांच्या लिलावाचा कागद वाचावा तसा
बाहेरून, खालून वर, सगळा वाचला.
सातवर बोट टेकवलं. उचललं
तेव्हा काचेवर वाफेचा एक ठिपका राहिला
आणि माझ्या डोळ्यांदेखत विरला.

आत येऊन विचारलं,
रस्त्याकडेचे फलक कधीपर्यंत काढायचे?
दहा दिवस, म्हटलं.
बरं, म्हणाला. दारापर्यंत गेला. वळला.

"अर्डिस, स्वतःला मत देणं काही जमलं नाही बघ.
पेन हातात, आणि आपलंच नाव समोर.
आरशाकडे उसने मागितल्यासारखं वाटलं.
डेल्मरला दिलं. माणूस बरा आहे."

मग तो एक...
माझं तोंड उघडलं असावं,
कारण त्यानं टोपी हलवून मला थांबवलं.
"तिला विचारलं नाही मी. विचारायचं नसतं ना?
तुमच्याच भिंतीवर लिहिलंय."

बाहेर पिकअपमध्ये मार्लिस चालकाच्या जागी,
थर्मासचं झाकण दातात धरून
बाहीनं धुकटलेली काच पुसत होती.
तो चढला. तिनं काहीतरी म्हटलं. तो हसला का
ते इथून नीट दिसलं नाही.

मतपत्रिका बावीस महिने कुलपात ठेवाव्या लागतात,
त्याची नोंदवही आहे, किल्ल्या दोन आहेत.
पण दारात बोललेलं एक वाक्य
कुठल्या पेटीत ठेवायचं, ते नियमांत नाही.

दुपारी कॅफेत सगळ्यांनी खुर्च्या वळवल्या.
काय म्हणत होता गं?

फलकांचं विचारत होता, म्हटलं,
आणि पाय मागवला, सफरचंदाचा,
साय घातलेला.